संरक्षण कंपन्यांचा प्रश्न संसदेच्या समितीकडे कसा न्यायचा?

लष्करासाठी शस्त्रं-दारूगोळा बनवणारे सरकारी कारखाने चालवणारं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ रोजी बरखास्त झालं आणि ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. त्यांतल्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय पुण्यात, यंत्र इंडियाचं नागपुरात. 'आता दाद कुणाकडे मागायची?' हा प्रश्न खडकी-वरणगावसारख्या कारखान्यांच्या गावांत तेव्हापासून कायम ऐकू येतो.

संसदेत तीन दारं आहेत. संरक्षणविषयक स्थायी समिती (२१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे खासदार) मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या (म्हणजे खर्चासाठी मागितलेला पैसा) आणि धोरण तपासते. सार्वजनिक उपक्रम समिती १९६४ पासून सरकारी कंपन्यांचे हिशेब आणि कारभार पाहते. युद्धनौका बांधणारी मुंबईची माझगाव डॉक तर तिच्या यादीत नावानिशी आहे. या दोघी आपले विषय स्वतः निवडतात, रोजच्या प्रशासनात पडत नाहीत. त्यांनी जाहीर निवेदनं मागवली तरच लिहिण्यात अर्थ. सामान्य माणसासाठी खरं दार तिसरं: लोकसभेची १५ सदस्यांची याचिका समिती.

याचिका कुणीही करू शकतो, पण विषय सार्वजनिक हिताचा हवा. कोर्टात किंवा न्यायाधिकरणात असलेलं प्रकरण चालत नाही. कायद्यात दुसरा उपाय असेल तरीही नाही. आमच्या ओळखीचे एक निवृत्त कामगार स्वतःच्या वेतननिश्चितीची तक्रार घेऊन निघाले होते, सोबत झेरॉक्सचा सुतळीनं बांधलेला गठ्ठा. दोन्ही गोष्टी चुकीच्या. वेतननिश्चितीसाठी न्यायाधिकरण आहे, आणि गठ्ठ्याबद्दल नियम स्पष्ट आहे: याचिकेला पत्र, प्रतिज्ञापत्र, कुठलाही कागद जोडायचा नाही. इतर अर्जांना कागद कमी पडले की परत येतात, इथे उलटं.

म्हणजे सगळी मदार मजकुरावर. याचिका लोकसभेला उद्देशून असते. भाषा सभ्य आणि संयत ठेवायची. मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत हवा. मराठीत लिहिलात तर सोबत त्यापैकी एका भाषेतला अनुवाद, त्यावर तुमची सही. शेवटी नेमकी मागणी लिहायची. 'न्याय मिळावा' ही मागणी नव्हे. 'कारखान्यालगतच्या वस्तीसाठी सुरक्षा अंतराची फेरतपासणी व्हावी' ही मागणी. सह्यांची पानं वाढली तर प्रत्येक पानाच्या माथ्यावर तीच मागणी पुन्हा लिहायची, म्हणजे कोऱ्या कागदावर सह्या गोळा केल्याचा संशय राहत नाही. पूर्ण नाव, पत्ता, सही किंवा अंगठा. निनावी पत्राकडे समिती बघतच नाही.

याचिका खासदारामार्फत मांडता येते (मग त्यांची प्रतिस्वाक्षरी लागते) किंवा थेट लोकसभेच्या महासचिवांकडे पाठवता येते. माझं मत: खासदार तयार असतील तर त्यांच्यामार्फतच द्या, पाठपुरावा सोपा जातो.

समिती कागदपत्रं आणि अधिकारी बोलावू शकते. मात्र देशाच्या सुरक्षिततेचं कारण देऊन सरकार एखादा दस्तऐवज नाकारू शकतं, आणि संरक्षणात ते कारण हाताशीच असतं. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. समितीपुढे साक्ष द्यायची वेळ आली, तर तिथलं बोलणं अहवाल सभागृहात येईपर्यंत व्हॉट्सॲपवर टाकू नका. तो संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो.