मासिक चालू घडामोडी पुस्तिका : वर्गणीदारांसाठी माहितीपत्रक

पुस्तिका हातात पडली की बहुतेक नवे वर्गणीदार पहिला प्रश्न पानांचाच विचारतात. बाजारात दोनशे पानांची मासिके मिळत असताना आमचा अंक ६४ पानांत का संपतो, अशी ही शंका असते आणि ती रास्त आहे. हे माहितीपत्रक मुख्यतः त्या शंकेचे उत्तर आहे. अंकातील नोंद कशी वाचावी आणि आमच्याकडून चूक झाली तर काय करावे, हेही त्यात सांगितले आहे.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या अभ्यासक्रमात राज्य, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या चालू घडामोडी, एवढाच एका ओळीचा उल्लेख आहे. कोणत्या घडामोडी आणि किती मागच्या, हे त्या ओळीत सांगितलेले नाही, आणि याच मोकळ्या जागेवर आमच्यासह सर्व मासिकांचा व्यवसाय उभा आहे. प्रश्नपत्रिका मात्र इतकी मोकळी नसते. अमुक पदावर कोण आले, असा सरळ प्रश्न अजूनही येतो, परंतु दोन-तीन विधाने देऊन त्यांतील कोणती बरोबर, हे विचारण्याकडे कल वाढलेला आहे. त्या विधानांपैकी एखादेच ताज्या बातमीतले असते आणि बाकीची त्या बातमीखालच्या तरतुदीवर, भूगोलावर किंवा इतिहासावर बेतलेली असतात. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक चतुर्थांश गुण वजा होतात आणि संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत एक तृतीयांश, त्यामुळे अर्धवट माहीत असलेली बातमी ही अजिबात माहीत नसलेल्या बातमीपेक्षा महाग पडते. म्हणून आम्ही बातम्या कमी घेतो आणि घेतलेली प्रत्येक बातमी मुळापर्यंत नेतो.

एका नोंदीचा नमुना

२१ जुलै २०२५ रोजी जगदीप धनखड यांनी उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला. ९ सप्टेंबरला निवडणूक झाली, सी. पी. राधाकृष्णन यांना ४५२ आणि बी. सुदर्शन रेड्डी यांना ३०० मते मिळाली आणि १२ सप्टेंबरला नव्या उपराष्ट्रपतींचा शपथविधी झाला. वन-लायनर स्वरूपाच्या संकलनात ही बातमी येथेच संपते. आमच्या अंकात ती येथून सुरू होते.

उपराष्ट्रपती आपला राजीनामा राष्ट्रपतींकडे देतात, ही तरतूद राज्यघटनेच्या अनुच्छेद ६७ मध्ये आहे. मुदतीपूर्वी पद रिकामे झाल्यास निवडणूक ‘शक्य तितक्या लवकर’ घ्यावी, असे अनुच्छेद ६८ सांगतो. राष्ट्रपतिपद असे रिकामे झाल्यास मात्र अनुच्छेद ६२ नुसार सहा महिन्यांची कमाल मर्यादा आहे. हा फरक विधानांच्या प्रश्नात हमखास वापरता येण्यासारखा आहे. मध्येच निवडून आलेल्या उपराष्ट्रपतींना आधीच्यांची उरलेली मुदत मिळत नाही, तर पदग्रहणापासून पूर्ण पाच वर्षे मिळतात. पद रिकामे असताना ‘कार्यकारी उपराष्ट्रपती’ असे कोणी नसते; राज्यसभेच्या सभापतीचे काम अनुच्छेद ९१ प्रमाणे उपसभापती पाहतात. मतदार म्हणाल, तर संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सर्व सदस्य, निवडून आलेले आणि नामनिर्देशितही. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत नामनिर्देशित खासदारांना मत नसते आणि विधानसभांच्या निर्वाचित सदस्यांना असते. दोन्ही निवडणुका एकल संक्रमणीय मताच्या (मतदार उमेदवारांना पसंतिक्रम देतो अशा) पद्धतीने आणि गुप्त मतदानाने होतात.

या बातमीचे शेपूट महाराष्ट्रात आले. राधाकृष्णन हे तोवर आपल्या राज्याचे राज्यपाल होते, म्हणून गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे महाराष्ट्राचा अतिरिक्त कार्यभार दिला गेला आणि १५ सप्टेंबरला त्यांनी मुंबईत शपथ घेतली. एकाच व्यक्तीला दोन राज्यांचे राज्यपाल नेमता येते का, हा प्रश्न येथे उपस्थित होतो आणि त्याचे उत्तर अनुच्छेद १५३ च्या परंतुकात (मूळ तरतुदीला जोडलेल्या अपवादात) आहे, जे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने जोडले गेले. अशा राज्यपालांच्या वेतन-भत्त्यांचा भार दोन राज्यांमध्ये कसा वाटायचा, हे राष्ट्रपती ठरवतात. एका राजीनाम्याच्या बातमीतून सहा-सात तरतुदींची उजळणी होते, ती अशी. अशी एक नोंद आमच्या अंकाचे दीड पान घेते, आणि पानांचा हिशेब तेथेच बिघडतो.

क्रमांकांच्या बाबतीत विशेष सूचना

महिला आरक्षणाच्या विधेयकाला संसदेची मंजुरी मिळाली, त्या महिन्याच्या अंकात आमच्याकडून ‘१२८वी घटनादुरुस्ती’ असे छापले गेले होते. चूक आमची होती आणि पुढच्या अंकात ती दुरुस्त केली. १२८वे होते ते विधेयक. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळून झालेली घटनादुरुस्ती ही १०६वी आहे. विधेयकांना क्रमांक मांडणीच्या वेळी मिळतो आणि मांडलेली सर्वच विधेयके मंजूर होत नाहीत, म्हणून दोन क्रमांकांत अंतर पडते. वस्तू व सेवा कराचे विधेयक १२२वे होते आणि दुरुस्ती १०१वी झाली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणाचे विधेयक १२४वे आणि दुरुस्ती १०३वी. तेव्हापासून आम्ही दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी छापतो.

मंजुरी, संमती आणि अंमल या तीन तारखांचीही अशीच गल्लत होते. भारतीय न्याय संहितेसह तीन नवे फौजदारी कायदे डिसेंबर २०२३ मध्ये संमत झाले, परंतु अमलात आले ते १ जुलै २०२४ पासून. महिला आरक्षणाच्या दुरुस्तीत तर अंमल पुढच्या जनगणनेनंतर होणाऱ्या मतदारसंघ पुनर्रचनेला बांधला गेला. म्हणूनच जून २०२५ मध्ये निघालेली २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना आम्ही त्या दुरुस्तीच्या जुन्या नोंदीला जोडून छापली. या जनगणनेची संदर्भ तारीख, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरली जाते ती तारीख, १ मार्च २०२७ आहे. लडाख आणि जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड यांच्या हिमाच्छादित भागांसाठी मात्र ती १ ऑक्टोबर २०२६ आहे. हा अपवादच प्रश्नकर्त्याच्या नजरेत भरणारा आहे, असे आमचे मत आहे.

राज्याच्या बातम्या

आपल्याच राज्याची बातमी विद्यार्थी सर्वांत वरवर वाचतात, असा आमचा अनुभव आहे, कारण ती आधीच ठाऊक आहे असे वाटते. ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ११ जुलै २०२५ रोजी दाखल झाला, हे बहुतेकांना सांगता येते. त्यांतले १२ किल्ले विचारले की रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड, पन्हाळा, लोहगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग येथपर्यंत गाडी सुरळीत चालते; साल्हेर, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी यांच्यापाशी अडखळते आणि बारावा किल्ला महाराष्ट्रातच शोधला जातो. तो तमिळनाडूतील जिंजी आहे, जेथून छत्रपती राजाराम महाराजांनी स्वराज्याचा कारभार पाहिला. या १२ पैकी साल्हेर, राजगड, प्रतापगड आणि खांदेरी हे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहेत आणि उरलेले आठ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे बेटांवरचे किल्ले, तर विजयदुर्ग किनाऱ्यावरचा मानला जातो. जोड्या लावण्याच्या प्रश्नाला याहून सोयीचा मजकूर मिळणे कठीण. वारसा यादीतील भारताचे हे ४४वे स्थळ. ४३वे आसाममधील अहोम राजवटीचे मोइदाम (राजघराण्याची दफन-टेकाडे) होते.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली यांनाही तो मिळाला आणि अभिजात भाषांची संख्या ११ झाली, हे त्या नोंदीसोबत दिलेले आहे.

जागतिक घडामोडी

येथे आम्ही जाणूनबुजून हात आखडता घेतो. परराष्ट्रमंत्र्यांचे दौरे, नेत्यांची विधाने आणि निष्कर्षाविना संपलेल्या बैठका अंकात येत नाहीत. संघटनांच्या सदस्यत्वातील बदल मात्र एकही सोडत नाही. आफ्रिकन संघ सप्टेंबर २०२३ मध्ये नवी दिल्लीच्या परिषदेत जी-२० चा सदस्य झाला. स्वीडन मार्च २०२४ मध्ये नाटोचा ३२वा सदस्य झाला. इंडोनेशिया जानेवारी २०२५ मध्ये ब्रिक्समध्ये आला. तिमोर-लेस्ते ऑक्टोबर २०२५ मध्ये आसियानचा ११वा सदस्य झाला. बल्गेरियाने १ जानेवारी २०२६ पासून युरो स्वीकारला आणि तो युरो वापरणारा युरोपीय संघाचा २१वा देश ठरला. या शेवटच्या नोंदीखाली युरोपीय संघ, युरो क्षेत्र आणि शेंगेन क्षेत्र (आपसांतील सीमांवर पारपत्र-तपासणी नसलेले देश) यांचे तुलनात्मक कोष्टक आहे, कारण या तीन याद्या सारख्या नाहीत : आयर्लंड संघात आहे, युरो वापरतो, पण शेंगेनमध्ये नाही, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहेत, पण संघात नाहीत. ते कोष्टक नकाशा समोर ठेवून पाहावे, ही विनंती.

वापर, दुरुस्ती आणि वितरण

प्रत्येक पानाच्या उजवीकडे तीन बोटे रुंदीची कोरी पट्टी सोडलेली आहे. बातमीशी जोडलेला संदर्भ आपण वापरत असलेल्या पाठ्यपुस्तकात कोणत्या पानावर आहे, तो पानक्रमांक तेथे लिहावा. बातमीच तेथे पुन्हा उतरवू नये. शेवटचे पान ‘बदललेले’ या मथळ्याचे असते आणि त्यात मागील अंकांतील ज्या नोंदी आता जुन्या झाल्या त्या येतात. उदाहरणार्थ, मे २०२५ च्या अंकात ५२वे सरन्यायाधीश म्हणून भूषण गवई यांची नोंद होती; नोव्हेंबरच्या अंकात त्या जागी ५३वे सरन्यायाधीश सूर्य कांत आले. परीक्षेच्या तोंडावर सर्व अंक पुन्हा वाचणे शक्य नसेल, तर निदान ही शेवटची पाने सलग वाचावीत.

मजकूर शासकीय राजपत्र, पत्र सूचना कार्यालयाची निवेदने आणि संबंधित संस्थांची अधिकृत प्रसिद्धिपत्रके यांवरून तपासला जातो. केवळ समाजमाध्यमांवर फिरणारी माहिती घेतली जात नाही. तरीही चूक आढळल्यास अंकाचा महिना व पानक्रमांक लिहून कळवावे. चूक खरी ठरल्यास तिची दुरुस्ती पुढील अंकाच्या पहिल्याच पानावर, मूळ मजकुराच्याच टंकाकारात छापली जाते.

अंक दर महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात टपालाने निघतो. अभ्यासिकेच्या पत्त्यावर मागवणाऱ्यांनी पाकिटावर आपल्या नावासोबत आसन क्रमांकही द्यावा, कारण एकाच अभ्यासिकेत एकाच आडनावाचे चार-पाच वर्गणीदार असतात आणि अंक भलत्याच टेबलावर जाऊन पडतो.