जाड कुलूप म्हणजे भक्कम दार?

कुलूप जितकं जाड तितकी जागा सुरक्षित, हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. फोडणारा बहुतेकदा कुलपाला हातच लावत नाही, कोयंडा उखडतो. म्हणून पाहणी तिथूनच सुरू करा. कडी लावल्यावर स्क्रूची डोकी बाहेरून दिसतात? मग पेचकस पुरतो. लाकडात जेमतेम 20 मिमी शिरलेले स्क्रू पहारीच्या हिसक्याने फळीचा तुकडा घेऊनच निघतात. तिथे आरपार बोल्ट हवेत. आतून पोलादी पट्टी, तिच्यावर नट.

दार बाहेर उघडत असेल तर बिजागऱ्याही बाहेरच असतात, आणि हे हमखास नजरेतून सुटतं. बिजागरीचा खिळा ठोकून बाहेर काढला की कुलूप शाबूत राहूनही दार निघतं. बिजागरीच्या बाजूला चौकटीत शिरणारे दोन पक्के खुंटे बसवा.