दोन पदरांची शिवण

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) एक वैदिक संमेलन भरलं होतं. तिथे तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा ठरवून टाकला. माकडाचा माणूस होताना आपण पाहिलं, असं आपल्या पूर्वजांनी ना सांगितलंय ना लिहिलंय, तेव्हा शाळा-कॉलेजांतलं हे शिकवणं बदललं पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र पत्रक काढून याचा इन्कार केला आणि प्रकरण निवलं. मग २०२३ मध्ये कळलं, की एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातल्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याचा आता नुसता ‘आनुवंशिकता’ झाला आहे. कारण दिलं गेलं कोविडनंतर अभ्यासक्रमाचा भार हलका करण्याचं. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहेच की, असंही सांगण्यात आलं. पण दहावीनंतर कॉमर्सला जाणाऱ्या मुलीच्या वाट्याला ते बारावीचं पुस्तक येणार कधी? आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात, भाग २ मध्ये, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे, हे त्यातल्या त्यात बरं.

वादाच्या राजकारणात मला फारसा रस नाही. मला रस आहे तो “कुणी पाहिलं?” या प्रश्नात. कारण तो लग्नाच्या पंगतीतही येतो आणि विचारणारा इंजिनिअर असतो.

ते संमेलन भरलं तिथून तीसेक किलोमीटरवर वेरूळ आहे. कैलास लेणं कोरताना पाहिलेला माणूस आज जिवंत नाही. तरी ते दगडावर दगड रचून बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली कोरत आणलेलं आहे, आधी कळस आणि मग पाया, हे आपण छातीठोक सांगतो. सांधा कुठेच नाही, छिन्नीचे घाव मात्र जागोजागी आहेत. साक्षीदार गेला तरी खुणा राहतात. आपल्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत अशीच एक खूण आहे. फरक एवढाच, की वेरूळला सांधा नसण्यावरून ओळखायचं आणि इथे असण्यावरून.

(“माकडापासून माणूस झाला तर माकडं अजून कशी?” याचं उत्तर एका ओळीत देतो. कोकणातली माणसं मुंबईला गेली, म्हणून कोकण ओस पडलं का? शिवाय आपण आजच्या चिंपांझीपासून झालेलो नाही. साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी दोघांचा पूर्वज एक होता, पुढे घराण्याच्या दोन शाखा झाल्या.)

आता गुणसूत्रांकडे, म्हणजे आनुवंशिक मजकूर वाहणाऱ्या डीएनएच्या गुंडाळलेल्या लांब धाग्यांकडे. माणसाच्या पेशीत ती ४६ असतात, म्हणजे २३ जोड्या. आज हे शाळेत पाठ करून घेतात, पण १९५६ पर्यंत जगभरच्या पुस्तकांत ४८ छापलेलं असायचं. त्या वर्षी स्वीडनमध्ये त्यो आणि लेवान यांनी नीट मोजून ४६ दाखवले. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात मात्र खरोखरच ४८ आहेत. म्हणजे पूर्वज एक मानायचा, तर आपली एक जोडी गेली कुठे?

हरवली असेल, हे शक्य नाही. एका गुणसूत्रावर शेकडो जनुकं असतात. अख्खी जोडी गळाली तर गर्भ जगणारच नाही. मग एकच वाट उरते. पूर्वजाची दोन वेगवेगळी गुणसूत्रं एकमेकांना जोडली गेली असणार. आणि तसं झालं असेल, तर त्याच्या खुणा सापडल्याच पाहिजेत. नाही सापडल्या तर उत्क्रांतीवाल्यांची पंचाईत. सिद्धांत स्वतःची मान अशी सुळावर ठेवतो, ते मला फार आवडतं.

१९८२ मध्ये युनिस आणि ओम प्रकाश या दोघांनी माणूस, चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांची रंगवलेली गुणसूत्रं शेजारी शेजारी मांडली. रंगवल्यावर त्यांवर आडवे पट्टे उमटतात. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लांबलचक गुणसूत्रावरचे पट्टे वानरांच्या दोन आखूड गुणसूत्रांशी जुळत होते, ती टोकाला टोक लावून ठेवली तर. पण पट्टे जुळणं म्हणजे चेहरा जुळणं. शिवण दिसायला हवी होती.

इथे पैठणी डोळ्यांसमोर आणा. (तिचं गावही त्याच जिल्ह्यातलं.) अंगभर बुट्टे आणि टोकाला पदर. पदर मधे कधीच नसतो. गुणसूत्रालाही दोन्ही टोकांना असे पदर असतात, त्यांना टेलोमिअर म्हणतात. डीएनएचा मजकूर ए, टी, जी, सी या चारच अक्षरांत असतो आणि या पदरांवर एकच नक्षी पुन्हा पुन्हा विणलेली असते: टी टी ए जी जी जी, टी टी ए जी जी जी, अशी हजारो अक्षरं. टोक उसवू नये, पेशीला ते तुटलेला तुकडा वाटू नये, यासाठी ही तजवीज. आता कुणी दोन पैठण्या पदराला पदर लावून शिवल्या, तर त्या लांब कापडाच्या मध्यावर काय दिसेल? नको तिथे पदर. आणि शिवणीच्या अलीकडचे मोर एका दिशेला तोंड करून असतील, तर पलीकडचे बरोबर उलट्या.

१९९१ मध्ये येल विद्यापीठातल्या गटाला माणसाच्या दुसऱ्या गुणसूत्रावर, टोकांपासून दूर, नेमकं हे सापडलं. टी टी ए जी जी जी, टी टी ए जी जी जी असं चालत येतं आणि एका बिंदूपाशी उलटून सी सी सी टी ए ए, सी सी सी टी ए ए सुरू होतं. डीएनएच्या दोन धाग्यांत टीसमोर ए आणि जीसमोर सी बसतो, त्यामुळे ही दुसरी ओळ म्हणजे समोरच्या धाग्यावरची तीच नक्षी, उलट दिशेने वाचलेली. हा पट्टा जेमतेम ८०० अक्षरांचा आहे आणि बराच विटलेला. विरोधक यावर बोट ठेवतात. पण मधोमध अडकलेल्या पदराला आता टोक राखायचं काम नाही, मग त्याची डागडुजी होणार कशाला? लाखो वर्षांत अक्षरं बदलणारच.

दुसरी खूण कंबरेची. प्रत्येक गुणसूत्राला एक कंबर असते, सेंट्रोमिअर. पेशी दुभंगताना दोर तिथेच बांधले जातात. जोडलेल्या गुणसूत्राला दोन कंबरा आल्या, तर एकीला इकडून ओढ आणि दुसरीला तिकडून, आणि गुणसूत्र मधेच तुटतं. म्हणून टिकायचं तर एक कंबर निकामी व्हावी लागते. आपल्या दुसऱ्या गुणसूत्रावर एक चालू कंबर आहे आणि शिवणीच्या पलीकडे, चिंपांझीची कंबर असायला हवी तिथे, एका मोडीत निघालेल्या कंबरेचा डीएनए अजून पडून आहे.

जोडणी पहिल्यांदा झाली ती आई किंवा बाप यांतल्या एकाच बाजूच्या गुणसूत्रांत, म्हणजे ४८ चे ४७. “ठीक आहे, पण त्या पहिल्या ४७वाल्याला जोडीदार कोण मिळाला?” हा प्रश्न खरोखर चांगला आहे. उत्तर आपल्या आसपास आहे. हजारात साधारण एका माणसाची दोन गुणसूत्रं जोडलेली असतात आणि मोजणी ४५ भरते. प्रकार थोडा वेगळा, कंबरेशी जोडले जाण्याचा, पण हिशेब तोच. असा माणूस धडधाकट असतो, कारण मजकूर सगळा असतो, फक्त दोन वह्या एकत्र शिवलेल्या. बीजपेशी तयार होताना जोडलेलं एक आणि सुटी दोन असे तिघे जवळ येतात. वाटणी चुकली तर गर्भपात होतो, बरोबर झाली तर मूल निरोगी. त्या मुलाकडे जोडलेलं येण्याची शक्यता निम्मी. लहानशा टोळीत असे दोन वारसदार पुढे एकत्र आले, की त्यांच्या निरोगी मुलांतल्या साधारण चौथ्याला दोन्हीकडून जोडलेलंच मिळतं. आजही ४४ गुणसूत्रं असलेल्या निरोगी माणसांची नोंद आहे. घोड्यांत पाहा: पाळीव घोडा ६४, मंगोलियाचा प्रझेवाल्स्की घोडा ६६, दोघांचं शिंगरू ६५ आणि त्यालाही पुढे पिल्लं होतात.

हा पुरावा कोर्टातही गेला आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळाने जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांतीबरोबर ‘बुद्धिमान रचने’चं (सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने घडवले, या दाव्याचं) निवेदन वाचून दाखवायचं ठरवलं. पालक कोर्टात गेले. २००५ च्या त्या खटल्यात केनेथ मिलर या जीवशास्त्रज्ञाने दुसऱ्या गुणसूत्राची गोष्ट सांगितली. मिलर स्वतः श्रद्धाळू कॅथलिक आहेत. डिसेंबरात न्यायाधीश जॉन जोन्स यांनी पालकांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे याच्या उलटा उत्साह असतो. २०१९ च्या विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या कुलगुरूंनी दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत असल्याचं सांगितलं. मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम सुंदर आहे, आजी सांगायची तेव्हाही सुंदरच वाटायचा. पण ४६ की ४८, हे त्यावरून काढून दाखवा.

सायबेरियातल्या गुहेत सापडलेल्या डेनिसोव्हा मानवाच्या, म्हणजे आपल्या एका नामशेष भाऊबंदाच्या, डीएनएतही हीच शिवण मिळाली आहे. म्हणजे ती आपल्या आणि त्यांच्या वाटा फुटण्याआधीची.

आणि शिवणकामाचा खरा उस्ताद पाहायचा तर वेरूळपर्यंतही जायला नको, सह्याद्रीत शिरा. संध्याकाळी झाडीतून कुत्र्यासारखं भुंकणारं भेकर आपल्याला ओळखीचं आहे. त्याच्या चीनमधल्या भाऊबंदात ४६ गुणसूत्रं असतात. आपल्या भेकराच्या मादीत सहा. सस्तन प्राण्यांत यापेक्षा कमी कुणाचीच माहीत नाहीत. एकामागून एक जोडण्या होत गेल्या आणि कितीतरी सांध्यांवर विटलेल्या पदरांचे तुकडे अजून सापडतात. नरात मात्र सात. कारण भेकरात एक्स गुणसूत्रसुद्धा तिसऱ्याला शिवलं गेलं आहे. मादीकडे हे जोडलेलं दोन वेळा. नराकडे ते एकदाच, म्हणून तिसऱ्याचा जोडीदार त्याच्याकडे सुटा राहतो आणि वर स्वतःचा वाय.