नायट्रोची बगी विजेवर कशी आली

1/8 स्केलची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश मापाची, रिमोटवर पळणारी नायट्रो बगी (नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावरची मॉडेल गाडी) उघडली की आधी तिचा सांगाडा नजरेत भरतो. जाड ॲल्युमिनियमची चेसिस, चारही चाकांना ताकद, चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे पुढे, मागे आणि मध्ये मिळून तीन डिफरेन्शियल. हे सगळं 3.5 सीसीच्या, मिनिटाला तीस हजारांवर फेरे घेणाऱ्या इंजिनाचे हिसके सोसायला घडवलेलं. इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगण तेल. स्पार्क प्लग नाही. ग्लो प्लगची प्लॅटिनमयुक्त तार मिथेनॉलच्या वाफेशी होणाऱ्या अभिक्रियेने लालभडक राहते आणि इंधन पेटवते. 1940 च्या दशकाअखेरीस विमानांच्या मॉडेलसाठी बाजारात आलेली ही युक्ती पुढे गाड्यांत आली.

बरीच वर्षं विजेची गाडी या वर्गात बसतच नव्हती. 1980 च्या दशकातल्या 7.2 व्होल्ट, 1200 एमएएचच्या निकेल-कॅडमियम पॅकमध्ये जेमतेम साडेआठ वॉट-तास ऊर्जा मावे. ब्रशवाल्या मोटरचे कार्बनचे ब्रश झिजत, ते ज्यावर घासत तो कम्युटेटर जळे. मोठी बगी हवी तर नायट्रोच घ्यायची.

चित्र बदललं ते तीन गोष्टी जुळून आल्यावर. 1984 मध्ये निओडिमियम चुंबक जगापुढे आले आणि लहान मोटरमध्ये मोठी ताकद बसू लागली. मोठा प्रवाह पेलणारे मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, स्वस्त झाले, त्यामुळे ब्रशचं काम मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर करू लागला. शेवटी लिथियम-पॉलिमर बॅटरी आली. चार सेलच्या 5000 एमएएच पॅकमध्ये 74 वॉट-तास, म्हणजे जुन्या पॅकच्या आठपटीहून जास्त. वजन मात्र दुपटीच्या आसपासच.

2008 च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅसल क्रिएशन्सचा मांबा मॉन्स्टर कंट्रोलर आला आणि त्याच्या जोडीची 2200 केव्हीची, म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला 2200 फेरे घेणारी, मोटर शौकिनांच्या तोंडी बसली. हा आकडा उगाच नाही. चार सेलचे 14.8 व्होल्ट गुणिले 2200 केलं की भाराविना मिनिटाला साधारण 32,500 फेरे होतात, म्हणजे थेट नायट्रो इंजिनाच्याच पट्ट्यात. म्हणून नायट्रो बगीचं मूळ गिअरिंग फारसं हलवावं लागत नव्हतं. इंजिनाच्या क्लच बेलवरच्या दातेरी चाकाच्या जागी जवळपास तेवढ्याच दातांचा पिनियन (मोटरवरचं लहान दातेरी चाक), समोर तोच स्पर, म्हणजे मोठं दातेरी चाक. या बदलाचं सगळं मर्म मला या गुणाकारात दिसतं.

बगी विजेवर आणताना इंजिन, 125 सीसीची टाकी, सायलेन्सरचा पाइप, क्लच, थ्रॉटलचा सर्व्हो सगळं निघालं. मोटर इंजिनाच्या जागी मिलिंग केलेल्या माउंटवर, बॅटरी शेजारच्या ट्रेमध्ये. ब्रेकही मोटरच लावते. आधी हे हौशी लोकांच्या घरच्या टेबलावर झालं, मग छोटे कारागीर तयार माउंट विकू लागले आणि काही वर्षांतच लोसीची एट (8IGHT), क्योशोची इन्फर्नो विजेच्या रूपात थेट कारखान्यातून येऊ लागल्या. वाट शौकिनांनी पाडली, कंपन्या मागून आल्या, हे आवर्जून नोंदवायला हवं.

युरोपात कायद्याचीही भर पडली. नायट्रोमिथेन स्फोटकांसाठी वापरता येतं म्हणून फेब्रुवारी 2021 पासून 16 टक्क्यांहून जास्त प्रमाणाचं मिश्रण सामान्य माणसाला सहज मिळत नाही. रेसिंगच्या इंधनात ते बहुधा 20 ते 30 टक्के असतं.

बदललेल्या बगीच्या पोटाखाली एक खाच तशीच राहते. इंजिन सुरू करायच्या स्टार्टर बॉक्सचं रबरी चाक तिच्यातून वर येऊन इंजिनाचं फ्लायव्हील फिरवायचं. आता तिथून खडे उडून पिनियनमध्ये अडकतात, म्हणून ती पत्र्याने नाहीतर जाड टेपने बंद करतात.