सिगार बघावा कसा, ओढावा कसा, ठेवावा कसा
(आमच्या लाकडी पेटीसोबत ग्राहकांना दिलं जाणारं माहितीपत्रक)

आम्ही सिगार विकत नाही. सिगार ठेवायची लाकडी पेटी बनवतो. तरीही हे पत्रक पेटीपेक्षा सिगारबद्दलच जास्त आहे, कारण पेटी घ्यायला येणारे बरेचजण आधी सिगारचीच तक्रार सांगतात. दुबईहून भावाने आणलेला किंवा गोव्याच्या विमानतळावर घेतलेला भारी सिगार, पण कडू लागला, सारखा विझला, वरचं पान तडकलं. एवढे पैसे घालून हेच मिळतं का, असं ते विचारतात. आमचा अनुभव असा की दोष बहुतेक वेळा सिगारचा नसतो, आपल्याकडच्या हवेचा असतो. म्हणून सिगारला नावं ठेवण्याआधी त्याला हवा कशी लागली ते बघा.

आमचे आजोबा निपाणीला तंबाखूच्या वखारीत होते. ते सांगत, शेतात वाळत टाकलेल्या तंबाखूला भर उन्हात हात लावायचा नाही, पानाचा चुरा होतो. पहाटे दहिवर पडून पान मऊ झालं की मगच गोळा करायचं. तंबाखूचं पान हवेतलं पाणी ओढतं आणि हवा कोरडी झाली की सोडून देतं. विडीतली तंबाखू असो की क्यूबातला सिगार, पानाचा हा स्वभाव बदलत नाही.

सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान मानवतं. आता आपला बेळगाव जिल्हा बघा. खानापूरकडे जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, पापड डब्यातही मऊ पडतो. त्याच जिल्ह्यात अथणी-रायबागला एप्रिलमध्ये ओठ फुटतात. त्यामुळे खानापूरच्या ग्राहकाला दिलेला सल्ला अथणीच्या ग्राहकाला देऊन चालत नाही. गेल्या उन्हाळ्यात अथणीहून एक गृहस्थ आले, पाच सिगार रुमालात गुंडाळून. एक सिगार कानाजवळ धरून बोटांत हलकेच दाबला तर वाळलेल्या पाचोळ्यासारखा आवाज आला आणि वरच्या पानाला नखाएवढी चीर पडली. असा सिगार ओढला की धूर गरम येतो आणि जीभ भाजते. बाकीचे चार आम्ही पेटीत ठेवले, आधी कमी आर्द्रतेत, मग हळूहळू वाढवत. महिन्याभराने ते ओढण्याजोगे झाले. घाई करून एकदम ओल दिली असती तर आतली पानं फुगून वरचं पान फाटलं असतं. उडालेला सुगंध मात्र पूर्ण परत येत नाही, हेही त्यांना तेव्हाच सांगितलं.

सिगार हातात घेतल्यावर नावाच्या पट्टीकडे नंतर बघा. आधी तोंडापासून शेवटापर्यंत अंगठा आणि बोटाने हलकेच दाबत जा. सगळीकडे सारखा, किंचित लवचिक लागला पाहिजे. मध्येच पोकळ लागलं तर तिथे तो भराभर आणि तापून जळणार. गाठीसारखं कठीण लागलं तर धूर अडणार. वरच्या पानावर हलकी तेलकट झाक असावी, शिरा जाड नसाव्यात, गुंडाळीचा जोड डोळ्याला सहज दिसू नये. रंगावरून ताकद ठरवू नका. हा गैरसमज फार जणांचा आहे. काळपट मादुरो सिगार जास्त आंबवलेल्या पानाचा असतो, आणि तो बऱ्याचदा फिकट सिगारपेक्षा गोडसर लागतो.

ताकद येते आतल्या पानांतून. सिगारचे तीन थर असतात: आतलं भरण, ते बांधून धरणारं पान आणि वरचं देखणं पान. भरणात झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरची पानं मिसळतात. खालचं ‘वोलादो’ नीट जळावं म्हणून, मधलं ‘सेको’ सुगंधासाठी, आणि उन्हात पोसलेलं वरचं जाड ‘लिगेरो’ ताकदीसाठी. लिगेरो सावकाश जळतं, म्हणून ते अगदी मधोमध ठेवतात. निपाणी-चिकोडीच्या शेतकऱ्याला हे वेगळं शिकवायला नको. शेंडा खुडला की पान जाड आणि कडक होतं, हे तो पिढ्यान्‌पिढ्या बघत आलाय. चांगल्या सिगारमध्ये भरणाची पानं अखंड लांबीची असतात, स्वस्तात तुकडे असतात. राख झाली की हा फरक कळतो. अखंड पानांची राख बोटभर होईपर्यंत टिकते, तुकड्यांची शर्टावर पडते. राख पांढरी की करडी हे मात्र जमिनीतल्या क्षारांवर जातं. त्यावरून दर्जा ठरवू नका.

जाडीचा आकडा इंचाच्या ६४ व्या भागात सांगतात. ५० नंबर म्हणजे जवळपास २० मिलिमीटर. पहिल्यांदा घेणाऱ्याने ५ इंची, ५० नंबरचा रोबुस्टो घ्यावा. तासाभरात संपतो.

सिगारचं ओढायचं टोक पानाच्या छोट्या तुकड्याने बंद केलेलं असतं, त्याला टोपी म्हणतात. कापताना टोपीच्या रेषेच्या वरच राहा, दीड-दोन मिलिमीटर पुरे. रेषा ओलांडली की वरचं पान उलगडत जातं. सुरी धारदार हवी, दाताने तोडू नका. कापल्यावर न पेटवता एकदा ओढून बघा. वारा सहज आला पाहिजे. पेटवायला गॅस भरलेला खिशातला लायटर किंवा लांब काडी घ्या, आणि काडीचं गंधक जळून गेल्यावरच ती जवळ न्या. पेट्रोलचा लायटर आणि मेणबत्ती नको, वास थेट जिभेवर येतो. ज्योत सिगारच्या टोकाला चिकटवू नका. पापड आचेवर धरतो तसा थोडा वर धरून गोल फिरवा, कडा सगळीकडून लाल झाली की मग ओढा.

मिनिटाला एक झुरका. यापेक्षा घाई केली तर सिगार तापतो आणि कडू होतो, मग तो कितीही महाग असो. धूर छातीत ओढायचा नाही, तोंडात फिरवून सोडायचा. विझला तर राख झाडून पुन्हा पेटवा, त्यात कमीपणा नाही. एका बाजूने जळत गेला तर मागे राहिलेली बाजू लायटरने हलकी शेका. संपल्यावर चिरडू नका, तसाच ठेवा, आपोआप विझतो. चिरडला तर खोलीभर घाण वास.

चवीबद्दल परदेशी यादी पाठ करायची गरज नाही. पहिला, मधला आणि शेवटचा तिसरा भाग वेगवेगळा लागतो का ते बघा. चांगला सिगार बदलत जातो, साधा एकसुरी राहतो. आमच्याकडचे जुने ग्राहक आपल्याच शब्दांत सांगतात: भाजक्या शेंगदाण्याची टरफलं, गुऱ्हाळातली काकवी कढईला लागते तो वास, मिरी, नवं चामडं, पहिल्या पावसाची माती. थोडा धूर नाकावाटे सोडला तर हे जास्त कळतं, पण तो अगदी थोडा. सोबत पाणी किंवा बिनसाखरेचा काळा चहा ठेवा. रिकाम्या पोटी ओढू नका, चक्कर येते.

क्यूबाचं नाव बघून भुलू नका. १९६२ मध्ये अमेरिकेने क्यूबाच्या मालावर बंदी घातली. क्यूबा सोडून गेलेल्या तंबाखूवाल्यांनी डोमिनिकन रिपब्लिक, निकाराग्वा, होंडुरासमध्ये हात बसवला. आज तिथले सिगार कुठल्याही अर्थाने दुय्यम नाहीत. उलट ‘क्यूबन’ म्हणून नकली माल फार फिरतो. काचेच्या झाकणाच्या पेटीत कोहिबा, म्हणजे क्यूबाचा नावाजलेला सिगार, मिळाला तर तो नकली समजा, कितीही ओळखीच्या माणसाने आणलेला असो.

आता पेटी. आत स्पॅनिश सीडर लावतात. नावात सीडर असला तरी तो देवदाराच्या कुळातला नाही. कडुनिंब, महोगनी आणि आपला तून यांच्या कुळातलं ते झाड आहे. त्याचा वास तंबाखूला मानवतो, आणि लाकूड ओल धरूनही फारसं वाकत नाही. देवदार वापरत नाही, कारण त्याला राळ सुटते. सुरुवातीला आम्ही एका पेटीला आतून सागवान लावलं होतं. दिसायला सुंदर झाली, पण दोन महिन्यांत सगळ्या सिगारांना सागाच्या तेलाचा वास लागला. त्या ग्राहकाचे पैसे आम्ही परत केले, आणि त्यानंतर सागवान फक्त बाहेरून.

पेटीतल्या आर्द्रतामापकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओलसर करा, विरघळवू नका. ते झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत ८ तास ठेवा. काटा ७५ वर यायला हवा. ७० दाखवला तर तुमचा मापक ५ कमी दाखवतो, तेवढं कायम धरून चला. ओलाव्यासाठी डिस्टिल्ड वॉटरच वापरा, नळाच्या पाण्याने क्षार साचतात. पावसाळ्यात ओला स्पंज काढून टाका आणि ओल देणारी-घेणारी दुहेरी पाकिटं ठेवा.

वरच्या पानावर टाचणीएवढं गोल भोक दिसलं तर तो तंबाखूचा भुंगा. वखारीत पोती खातो तोच. तापमान २४ अंशांच्या वर राहिलं की अंडी फुटतात. सगळे सिगार हवाबंद पिशवीत घालून ३ दिवस फ्रीजरमध्ये, मग १ दिवस फ्रीजमध्ये, मग बाहेर ठेवा. एकदम बाहेर काढले तर तडकतात. केसाळ, हिरवट-निळसर डाग असले तर ती बुरशी आहे. पेटवायच्या टोकाकडून आत शिरली असेल तर सिगार टाकून द्या, हळहळ वाटली तरी.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. धूर छातीत ओढला नाही म्हणून सिगार निर्धोक होत नाही. सिगारच्या धुरातलं निकोटिन तोंडातूनच रक्तात जातं, आणि तोंड, घसा, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका खरा आहे. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. जो ओढत नाही त्याला आम्ही पेटी दाखवत नाही. जो ओढतो त्याने क्वचित ओढावा, घरात लहान मुलं असतील तर बाहेर ओढावा. कर्नाटकात २१ वर्षांखालच्या व्यक्तीला तंबाखू विकता येत नाही. आम्ही पेटीही देत नाही.

मे संपायच्या आत एकदा पेटी घेऊन या. झाकण नीट बसतं का, बिजागरी ढिली झाली का आणि मापक बरोबर आहे का, हे बघून देऊ. त्याचे पैसे घेत नाही. येताना सिगार पेटीतून काढून हवाबंद डब्यात ठेवा, गाडीच्या डिकीत नको.