टिपाडाच्या आतली काळी रेघ

सोलापुरात नळाला पाणी आलं की आधी टिपाड भरायचं. पुन्हा पाणी येणार काही दिवसांनी, म्हणून तळाशी उरलेलं कुणी ओतून देत नाही; त्यावरच नवं भरतात. एडिस डासाच्या मादीचं इथंच फावतं. ती अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या किंचित वर ओल्या भिंतीला चिकटवते. काळी, तिळाहून बारीक. कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात. पाणी चढून ती भिजली की अळ्या, आणि आठ-दहा दिवसांत डास. म्हणून आठवड्याला टिपाड नुसतं रिकामं करून भागत नाही, आतून घासावं लागतं. झाकणही घट्ट हवं.

डेंगी पसरवणारा हाच डास झिका हा विषाणूचा आजारही पसरवतो. झिका झालेल्या पाचांतल्या चौघांना काहीच जाणवत नाही; उरलेल्यांना थोडा ताप, पुरळ, लाल डोळे. पण बाई गरोदर असेल तर विषाणू वारेतून बाळापर्यंत पोचू शकतो आणि मेंदूची वाढ खुंटते. ब्राझीलमध्ये २०१५ साली लहान डोक्याची बाळं जन्मू लागली, तेव्हा जगाला हे कळलं. लागण झालेल्या प्रत्येकीच्या बाळाला त्रास होतो असं मात्र नाही. प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के.

महाराष्ट्रात पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरला सापडला. २०२४ मध्ये पुण्यात साथ आली, त्यात गर्भवतीही होत्या. सोलापूरच्या कितीतरी लेकी पुण्यात नांदतात आणि बाळंतपणाला माहेरी येतात. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी, मधे कुठं राहिलो आणि ताप-पुरळ येऊन गेलं का, हे आपणच सांगावं.

कारण तपासणीची वेळ हुकते. आरटी-पीसीआरमध्ये विषाणू रक्तात साधारण आठवडाभर, लघवीत दोन आठवड्यांपर्यंत सापडतो. त्यानंतर ‘निगेटिव्ह’ आलं म्हणून निर्धास्त होता येत नाही. रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी अँटिबॉडी चाचणीही फसवते. आधी डेंगी होऊन गेला असेल तर झिका नसताना ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. लागण नक्की झाली, तर सोनोग्राफी पुन्हापुन्हा करून बाळाच्या डोक्याची वाढ पाहतात. लस नाही, खास औषधही नाही. ताप आला तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. डेंगी नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको.

हा डास दिवसा चावतो, त्यामुळे दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी हवी. झिका शरीरसंबंधातूनही पसरतो. साथीच्या गावाहून आलेल्या नवऱ्याने बाळंतपण होईपर्यंत निरोध वापरावा. हे सांगायला सासू-आई संकोचतात, तेव्हा आशाताईंनी सांगितलेलं बरं.

आणि कूलर. पाऊस पडला की आपण त्याचं बटण बंद करतो, टाकीतलं पाणी मात्र दिवाळीपर्यंत तसंच.