सोयाबीन-तुरीतलं तण : पार्श्वभूमी

विदर्भ-मराठवाड्यात ज्वारीच्या काही तासांनंतर (तास म्हणजे पेरलेली ओळ) तुरीचं एक तास, ही जुनी रीत. तिफणीमागे मोघण (बी सोडायची वेगळी नळी) बांधून तूर वेगळी पेरली जायची. मिश्रपिकात बी एकत्र मिसळून टाकतात, आंतरपिकात ओळी वेगळ्या राहतात. तणाच्या दृष्टीने हा भेद फार मोठा आहे, कारण ओळ सरळ असेल तरच डवरा (ओळींमधलं तण काढायचं बैलाचं औत) चालतो. दोन-तीन डवरणी आणि मधे एक निंदण एवढ्यात शेत स्वच्छ व्हायचं. निंदायला गेलेल्या बायका तांदूळजा, घोळ, कुरडू भाजीसाठी निवडून आणत, उरलेलं गुरांपुढे पडे. तेव्हा याला कुणी 'एकात्मिक तणनियंत्रण' म्हणत नव्हतं.

सोयाबीन पसरलं, ज्वारी मागे हटली आणि सगळं बदललं. चार तासं सोयाबीन, दोन तासं तूर अशी जोडी रुळली. सोयाबीन सुमारे शंभर दिवसांत निघतं, तूर पाच-सहा महिने उभी राहते आणि पहिले दोन महिने फार हळू वाढते. सोयाबीनला तणाचा खरा त्रास पहिल्या 30 ते 45 दिवसांत होतो आणि नेमक्या त्याच दिवसांत पाऊस लागून राहतो. चिखलात डवरा घालता येत नाही. त्यातच बैलजोड्या कमी झाल्या आणि निंदणाला एकाच आठवड्यात सगळ्या गावाला मजूर हवे असतात. तणनाशकाला वाट मिळाली ती इथून. शेतकरी आळशी झाला, असं जे सर्रास बोललं जातं, ते खोटं आहे.

पण तणनाशकाची घडणच एका पिकासाठी असते. अ‍ॅट्राझीन ज्वारी-मक्याला चालतं, तुरीला मारतं. क्विझॅलोफॉप सोयाबीन-तुरीतलं गवत जाळतं, पण ज्वारीत ते मारलं तर ज्वारीच जळते. पेरल्यावर उगवणीआधी ओलीवर मारायचं पेंडीमिथॅलीन सोयाबीन आणि तूर दोन्हींना सोसतं, म्हणून या जोडीत तेच आधाराचं ठरलं. पुढे उगवणीनंतर, तण दोन-चार पानांवर असताना मारायचं इमॅझेथापायर सोयाबीनमध्ये घरोघरी पोचलं.

इथेच 'शिफारस' आणि 'लेबल' या दोन शब्दांचा गुंता होतो. 1968 च्या कीटकनाशक कायद्यात तणनाशकही येतं आणि त्याची नोंदणी पीकनिहाय होते. डब्यासोबतच्या पत्रकात, म्हणजेच लेबलात, पीक, तण, मात्रा, पाण्याचं प्रमाण आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते असतं. पिकाच्या रकान्यात 'सोयाबीन' सापडतं, 'सोयाबीन अधिक तूर' बहुधा सापडत नाही. शेत एक, पिकं दोन आणि नोंदणीत दोन्हींचा एकत्र विचारच नाही. एकीकडे शासकीय मेळाव्यात आंतरपीक घ्या अशी आग्रहाची शिफारस होते, दुसरीकडे औषधाचा कागद सलग एकच पीक गृहीत धरतो. मग तूर पिवळी पडली, शेंडा आखडला तर दुकानदार लेबलाकडे बोट दाखवतो आणि नुकसान शेतकऱ्याच्या पदरात पडतं. ही त्रुटी तांत्रिक म्हणून सोडून देण्यासारखी नाही. कोरडवाहू भागात पाऊस दगा देतो तेव्हा दोन पिकांपैकी एक हाताला लागतं, म्हणून लोक आंतरपीक घेतात. त्यांच्याच पिकाला कागदावर जागा नसावी?

ग्लायफोसेट, म्हणजे तण-पीक न बघता सगळं हिरवं जाळणारं तणनाशक, त्याचा प्रश्न याच्या शेजारचा. त्याचं लेबल चहाचे मळे आणि बिगरपीक जागेपुरतं, पण पंपाला हूड (औषध पिकावर उडू न देणारं झाकण) लावून ओळींमध्ये ते मारलं जातं. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राच्या अधिसूचनेने वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता ठेवला. सोयाबीन निघाल्यावर तुरीमधल्या मोकळ्या पट्ट्यात पुन्हा तण उठतं, तेव्हा हा मोह सर्वाधिक असतो.

त्या पट्ट्यात डवरा निर्धास्त चालतो, अडचण फक्त केना या तणाची. त्याचं कांडं तुटून ओल्या मातीत पडलं की पुन्हा रुजतं आणि ग्लायफोसेटलाही तो सहज दाद देत नाही. केना हाताने उपटून बांधाबाहेर टाकावा लागतो.